इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जाऊ?

लग्नाची निमंत्रणे येऊ लागली की माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास डोकावते. माणसे वेगळी असतात, वये वेगळी असतात, कारणेही वेगळी असतात, पण पिशवीतून पत्रिका काढून टेबलावर ठेवताना बहुतेक जण तेच म्हणतात, “जायला तर हवं, पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जाऊ?” कोणाचे भावाशी बोलणे बंद असते, कोणी नोकरीनिमित्त दूर जाऊन हळूहळू सगळ्यांनाच दुरावलेले असते, कोणाचा संसार मोडलेला असतो आणि ते अजून घरच्यांच्या कानावर घातलेले नसते. एवढीशी गोष्ट घेऊन समुपदेशकाकडे आलो, म्हणून ही माणसे बहुधा ओशाळलेली असतात. माझ्या मते ही गोष्ट एवढीशी नाही, आणि म्हणूनच एकदा तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे मनात होते.

पुढे जिची हकीकत सांगते आहे, ती एकच व्यक्ती नाही. तीन-चार जणींचे अनुभव मी एकत्र केले आहेत आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. पुढे येणारा कुटुंबाच्या तक्त्याचा प्रसंग मात्र जसा घडला तसाच सांगते, कारण त्यात बदलण्यासारखे काही नव्हते.

पहिल्या भेटीत त्या बाईंनी पत्रिका टेबलावर ठेवली ती पालथी. वय त्रेचाळीस, बोलणे नेमके, कामाच्या ठिकाणी चार माणसे हाताखाली. सख्ख्या चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न होते. ही चुलत बहीण त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघी एकाच घरात वाढलेल्या, एका पांघरुणात झोपलेल्या, एकमेकींची पुस्तके वापरलेल्या. सोळा वर्षांपूर्वी सामाईक घर विकण्यावरून त्यांचे वडील आणि थोरले काका यांच्यात वाद झाला. एका दुपारी तो विकोपाला गेला आणि या बाई, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, वडिलांची बाजू घेऊन काकांना नको ते बोलून गेल्या. काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांनी ते ऐकले. त्यानंतर दोन्ही घरांचे येणे-जाणे थांबले. सहा वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा वडिलांनी “जायचं नाही” असे सांगितले म्हणून या गेल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी वडीलही गेले. ज्या दोघांचे भांडण होते ते दोघेही आता नव्हते. घर विकले गेले होते, पैशांची वाटणी झाली होती. वाटणीत न आलेला अबोला तेवढा पुढच्या पिढीकडे राहिला होता.

मी विचारले, “तुमचं स्वतःचं बहिणीशी काय भांडण आहे?”

“तिच्याशी? काहीच नाही.” उत्तर पटकन आले. मग त्या थांबल्या, आणि जणू दुसऱ्याच कोणाला सांगत असल्याप्रमाणे पुन्हा म्हणाल्या, “खरंच, काहीच नाही.”

मी ज्या विचारधारेत घडले ती मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची आहे, आणि हे लपवण्याचे मला कारण दिसत नाही. बोवेन (१९१३–१९९०) माणसाकडे सुटे पाहत नसत, त्याच्या कुटुंबासकट पाहत. दोन माणसांमधला ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि मग हा तिसरा स्वतःचे नसलेले भांडण वर्षानुवर्षे लढत बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे म्हणणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. नातेवाइकांना तोडून दूर गेलेला माणूस त्यांच्यापासून मोकळा झालेला असतो असे नाही. गुंता तसाच असतो, तो फक्त नजरेआड गेलेला असतो. बोवेन यांनी हे नुसते लिहिले नाही. १९६७ साली कुटुंबचिकित्सकांच्या एका परिषदेत त्यांनी रीतसर निबंध वाचण्याऐवजी, आपण स्वतःच्याच आईवडिलांत आणि भावंडांत परत जाऊन काय केले, हे सांगितले आणि श्रोत्यांना चकित केले. स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडताना मोठमोठ्या तज्ज्ञांचेही पाय अडखळतात, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना आवर्जून सांगते. त्याने त्यांचे ओशाळलेपण कमी होते.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. बहिणीला भेटण्यापूर्वी मन मोकळे व्हावे या हेतूने मी त्यांना एक पत्र लिहायला सांगितले. पुढच्या वेळी त्यांनी चार पाने आणली. त्यांतली साडेतीन पाने त्या दुपारविषयी होती: कोण आधी बोलले, कोणाचा आवाज चढला, वडिलांच्या म्हणण्यात काय तथ्य होते, आपण कोणत्या मनःस्थितीत होतो. उरलेल्या अर्ध्या पानात मुलीच्या लग्नाबद्दल शुभेच्छा होत्या. पत्र चांगले लिहिलेले होते. एखाद्या वकिलाने ते हातात घेतले असते तर त्याला फार बदल करावे लागले नसते.

“हे वाचून ताईला काय वाटेल?” मी विचारले.

“तिला कळेल की चूक फक्त आमची नव्हती.”

“आणि मग?”

“मग मला जाता येईल.”

म्हणजे निकाल आधी आणि प्रवास नंतर. इतक्या वर्षांनी परतणारी बहुतेक माणसे मनात हीच अट घेऊन असतात, आणि बहुतेकांचा प्रवास याच अटीपाशी अडतो. कॉर्नेल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांनी अमेरिकेत १३४० प्रौढांची पाहणी केली, तेव्हा सुमारे २७ टक्के लोकांनी एखाद्या तरी नातेवाइकाशी संबंध तुटल्याचे सांगितले. हा आकडा धीर देणारा आहे, कारण आपल्याच घरात असे घडले अशी प्रत्येकाची समजूत असते. पिलेमर यांनी पुढे ज्यांचे संबंध पुन्हा जुळले त्यांच्याशी दीर्घ बोलणी केली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार आढळली: घडलेल्या गोष्टीविषयीचे आपले म्हणणे समोरच्याने मान्य केलेच पाहिजे, हा हट्ट त्यांनी सोडून दिला होता. भूतकाळावर एकमत झाले म्हणून ती माणसे जवळ आली नव्हती. एकमत होणार नाही हे धरून चालली, म्हणून त्यांना जवळ येता आले.

हे मला ठाऊक होते, तरी मी त्या बाईंच्या हातात लेखणी देऊन त्यांना खटल्याचे कागद तयार करायला बसवले होते. पत्र पाठवू नका, एवढे मी सांगितले. ते फाडा असे मात्र म्हटले नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते.

त्यानंतरच्या भेटीत मी त्यांच्यापुढे एक मोठा कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर ठेवले. कुटुंबाचा तक्ता काढून घेणे ही माझी जुनी सवय आहे. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, नवरा-बायकोंना जोडणारी आडवी रेघ, खाली मुले आणि प्रत्येकाच्या आकृतीत वय. चित्रकला येण्याची गरज नसते. त्या मन लावून काढत होत्या. आजी-आजोबा, वडील, काका, काकू. मग पुढची पिढी, थोरला चुलतभाऊ, ताई, धाकटा चुलतभाऊ. त्याखाली ताईची मुलगी. वडिलांच्या आणि काकांच्या चौकोनांवर त्यांनी फुली मारली आणि स्वतःच्या वर्तुळात ४३ हा आकडा लिहिला. पंधरा-वीस मिनिटांनी कागद माझ्याकडे सरकवला.

धाकट्या चुलतभावाच्या चौकोनात १२ लिहिले होते. ताईच्या वर्तुळात ३०, काकूंच्या वर्तुळात ५८. आणि सगळ्यांत खाली, जिच्या लग्नाची पत्रिका त्याच टेबलावर पडलेली होती, तिच्या वर्तुळात ७.

माझ्या लक्षात आले तेव्हा माझ्या ओठांवर वाक्य आले होते. ते मी गिळले. माझ्या व्यवसायात बोलून मिळवलेल्या यशाची मोजदाद सगळेच करतात. न बोलून मिळवलेले थोडे असते, आणि त्या थोड्यांत मी त्या दिवसाचा समावेश करते. मी कागद फक्त फिरवून त्यांच्यासमोर ठेवला आणि पालथी पत्रिका सुलटी करून त्याच्या शेजारी ठेवली.

त्यांनी पत्रिकेकडे पाहिले, तक्त्याकडे पाहिले. आधी त्या हसल्या, “अरेच्चा, चुकलं की.” खोडरबर घेतला, ७ पुसला, २३ लिहिले. मग धाकट्या भावाकडे वळल्या. १२ पुसून २८ लिहिले. ताईचे ४६ केले. हात काकूंच्या वर्तुळापाशी आला आणि थांबला. बोटांच्या पेरांवर त्यांनी मोजले. दोनदा मोजले. ७४ लिहिले. कागदावर खोडरबराची भुकटी पडली होती, ती झटकायचेही त्यांना सुचले नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “काकूंना आता जिना चढता येत असेल का?”

आमच्या चार भेटींत त्यांनी त्या घरातल्या कोणाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तोपर्यंतचे सारे प्रश्न ‘ते मला काय म्हणतील’ या एका प्रश्नाची रूपे होती. आता मात्र चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई त्यांना एका जिन्याच्या पायथ्याशी उभी दिसली, आणि ती बाई निकाल द्यायला उभी नव्हती.

मला त्या तक्त्याने जे शिकवले ते मी कोणत्याही ग्रंथात नेमके तसे वाचलेले नाही. संबंध तुटतो त्या दिवशी आपण नातेवाइकांची वये तिथेच थांबवतो, आणि स्वतःचेही. त्रेचाळीस वर्षांची, चार माणसांना काम सांगणारी ही बाई त्या लग्नाला जाण्याच्या कल्पनेने घाबरत नव्हती; घाबरत होती ती सत्तावीस वर्षांची मुलगी, जिला वडिलांना न विचारता जायचे होते. आणि ती ज्यांना घाबरत होती ती माणसे तर कुठेच उरली नव्हती. बारा वर्षांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता, त्याची स्वतःची काही मते झाली असतील, कदाचित त्या दुपारची त्याला आठवणही नसेल. तेव्हापासून अशा प्रत्येकाकडून मी तक्ता काढून घेते आणि वयांकडे आधी पाहते. नेहमीच चूक सापडते असे नाही. पण सापडते तेव्हा ती जवळपास नेहमी एकाच वर्षापाशी बोट दाखवते.

यानंतर सल्ल्याचे काम सोपे झाले, आणि तो सल्ला मी आता बहुतेकांना देते.

लग्नाच्या गर्दीत नातेसंबंध दुरुस्त होत नाहीत, कारण तिथे घरातला प्रत्येक जण आधीच ताणलेला असतो. परंतु पुन्हा ओळख सुरू करायला लग्नासारखी जागा नाही, कारण अशा प्रसंगी घराच्या एरवीच्या रीती सैल होतात, दारे उघडी असतात, आणि येण्याला वेगळे कारण द्यावे लागत नाही. म्हणून तिथे फक्त जायचे असते. जुना हिशेब सोबत न्यायचा नसतो. तो पुढे कधी निघाला तर निघेल, आणि तोही दोन माणसांत, मांडवाबाहेर.

दुसरे असे की ‘नातेवाइकांशी’ संबंध जोडता येत नाही. संबंध एका माणसाशी जोडला जातो. बोवेन म्हणत की कुटुंबातल्या प्रत्येकाशी समोरासमोर, दोघांपुरते नाते असावे, आणि ते वाटते त्याहून कितीतरी अवघड आहे. कारण दोन माणसे स्वतःविषयी आणि एकमेकांविषयी काही मिनिटे बोलली की त्यांना अस्वस्थ वाटू लागते, आणि मग ती गप्प होतात, हवापाण्याकडे वळतात किंवा तिसऱ्या कोणाविषयी बोलू लागतात. विश्वास बसत नसेल तर घरात करून पाहावे. लग्नघरात हे तिसऱ्याविषयीचे बोलणे तर हवेतच असते. त्यामुळे मी सांगते की साऱ्या गोतावळ्यात मिसळण्याचा निश्चय करू नका. दोन किंवा तीन माणसे मनाशी ठरवा आणि त्या प्रत्येकाशी दहा मिनिटे, अनुपस्थित माणसाचे नाव न काढता, बोला. तेवढे जमले तर प्रवास सार्थकी लागला असे समजा.

सगळे आपल्याकडेच पाहत राहतील, ही भीती प्रत्येकाला असते. तिच्याविषयी २००० साली प्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग मी नेहमी सांगते. विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असा, एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात आले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले. लग्नात तर लोकांना पाहायला इतके काही असते की आपला क्रमांक फार मागे लागतो. हे ऐकून काही जण किंचित नाराजही होतात, आणि त्यांची ती नाराजी मला फार मानवी वाटते.

टोमणे मात्र येतात. ते येणारच नाहीत असे आश्वासन मी कोणाला देत नाही. टोमण्यात बहुधा थोडे खरे असते. तेवढे खरे एका वाक्यात मान्य करावे आणि पुढे स्पष्टीकरण देऊ नये. “आम्ही वेगळे राहतो,” “नोकरी सध्या नाही,” “येणं झालं नाही, खरं आहे,” एवढेच. स्पष्टीकरण सुरू झाले की समोरच्याला उलटतपासणीचा हक्क मिळतो. पंचवीस संभाव्य प्रश्नांची उत्तरे पाठ करून गेलेली माणसे सव्विसाव्या प्रश्नाला गडबडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

इथे एक अपवाद ठामपणे सांगितला पाहिजे. ज्या घरात मारहाण झाली, लैंगिक अत्याचार झाला, किंवा ज्याने तो केला तो माणूस त्याच मांडवात मानाने वावरणार आहे, तिथे दुरावा हा अबोला नसतो, तो कुंपण असतो. अशा लग्नाला न जाण्यात काहीही चूक नाही, आणि ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणणाऱ्यांचे ऐकण्याची गरज नाही. माझ्याकडे असे कोणी आले तर मी तक्ता काढायला सांगत नाही. न जाण्याचा निर्णय शांतपणे कसा कळवावा, एवढेच आम्ही पाहतो.

या बाईंच्या घरी तसे काही नव्हते. चार पानांच्या पत्राऐवजी त्यांनी फोन करायचे ठरवले. लग्नाला आठ-दहा दिवस असताना आधी फोन केलेला बरा, असे माझे मत होते. ऐन लग्नात अचानक समोर उभे राहणे म्हणजे समोरच्याला सावरायला वेळ न देणे. शिवाय फोन करताना वाटणारा संकोच बहुधा अवाजवी असतो. संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, आपण आठवण ठेवून संपर्क साधला तर समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज माणसे सातत्याने कमी करतात. आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितके समोरच्याला त्याचे अप्रूप अधिक. ते प्रयोग सोळा वर्षांच्या अबोल्यावर केलेले नव्हते, हे मीही त्यांना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “मग आमच्यावरच करून बघू.”

फोन त्यांनी घरून केला. त्यात काय बोलायचे ते आम्ही आधी दोन वाक्यांपर्यंत आटवले होते: “ताई, मी लग्नाला येतेय. आदल्या दिवशी आले तर मला काही काम देशील?” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ताई म्हणाली, “पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळशील? माझ्या हातून हरवतात.”

हे काम ताईने सहज दिले की विचार करून, ते मला माहीत नाही. पण मी इतकी वर्षे या व्यवसायात असून मला सुचले नसते असे ते काम होते. प्रवेशद्वारापाशी एक टेबल, त्यावर किल्ल्या आणि नावांची यादी. येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला त्यांच्यासमोर एकेकट्याने उभे राहणे भाग होते, आणि बोलण्याचे पहिले वाक्य ठरलेले होते. तेव्हापासून मी लग्नाला निघालेल्या प्रत्येकाला सांगते की पाहुणे म्हणून जाऊ नका, काम मागून घ्या आणि एक दिवस आधी पोहोचा. हाताला काम असले की तोंडाला विषय शोधावा लागत नाही.

प्रवास रात्रीच्या गाडीचा होता. परतीचे तिकीट आधी काढा आणि मुक्काम शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा, असे मी सुचवले होते. कधी निघायचे हे ठाऊक असलेला माणूस तिथे असेपर्यंत जास्त निवांत असतो. तरी मधल्या एका स्थानकावर गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून परत जावे असे त्यांच्या मनात आले होते. पिशवी खांद्याला लावून त्या दारापर्यंत आल्या, पाणी घेतले, आणि जागेवर जाऊन बसल्या. का, ते त्यांना सांगता आले नाही. मीही फार खोदून विचारले नाही.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितले त्यात सगळे गोड नव्हते. वडिलांच्या एका मावसबहिणीने किल्ली घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, “काय गं, शेवटी आमची आठवण झाली वाटतं?” त्या म्हणाल्या, “हो आत्या, फार उशीर झाला.” आत्यांनी पुढचे वाक्य नक्की तयार ठेवलेले होते, पण ते टेकवायला जागा राहिली नाही. “बरं, माझी खोली जिन्याजवळची नको,” एवढे म्हणून त्या गेल्या. थोरल्या चुलतभावाने स्वतः टेबलाशी यायचे टाळले आणि किल्लीसाठी आपल्या मुलाला पाठवले. तीन दिवसांत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. त्या खोलीत आल्या की तो उठून जात असे. हे त्यांनी अपेक्षिले होते, तरी लागलेच. नवरी टेबलापाशी आली आणि म्हणाली, “तुम्हीच मावशी ना?” सात वर्षांची असताना तीच मुलगी त्यांना अगं-तुगं करत असे. त्या ‘तुम्ही’ने सोळा वर्षे नेमकी किती लांब होती ते कळले, असे त्या म्हणाल्या. रडू मात्र तेव्हा आले नाही. ते नंतर, किल्ल्या परत घेताना, कोणी पाहत नसताना आले.

“आणि काकू?” मी विचारले.

काकू पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्याच्या पायथ्याशी एकट्याच उभ्या होत्या. वर जायचे होते आणि आजूबाजूला कोणी नव्हते. बाई टेबलामागून उठल्या आणि जाऊन काकूंच्या शेजारी उभ्या राहिल्या. काकूंनी पाहिले, आणि काही न बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग पुढची. सातव्या पायरीवर काकू दम घ्यायला थांबल्या.

“काकू, किती वय झालं आता?”

“शहात्तर.”

मग उरलेल्या चार पायऱ्या. वर पोहोचल्यावर काकूंनी हात लगेच काढला नाही. त्या दुपारचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही, आणि अजूनही काढलेला नाही.

हे सांगून झाल्यावर बाईंनी मला तो तक्ता मागितला. थोरल्या भावाच्या चौकोनाखाली त्यांनी एक छोटा चौकोन काढला, किल्ली न्यायला आलेल्या मुलाचा. त्याचे वय नऊ. तो जन्मला हेच त्यांना ठाऊक नव्हते, पण टेबलाशी उभ्या उभ्या त्याने आपले नाव, इयत्ता आणि हरवलेल्या दातांची हकीकत सारे सांगून टाकले होते. मग त्यांनी काकूंच्या वर्तुळातला ७४ हा आकडा पुसला आणि ७६ लिहिला. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीचे वयही त्यांनी दोन वर्षांनी कमीच धरले होते.